पाहुणा, नोकर आणि मालक



वर्षावास चालू होता. रविवारी सकाळी विहारातून घरी आले तर थोरली बहीण आणि दाजी ओट्यावर बसलेले. पाटोदा तालुक्यातल्या आपल्या गावाहून पहिल्या एसटीने बीडला आले होते. आक्काच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत कागद. मी चहा टाकते म्हणाले तर आक्का म्हणाली, "चहा राहू दे. तू पेपरात लिहितीस, तुला कागदातलं कळतं. आधी हे वाच."

रंगीत छापलेला कागद होता. वर सिंहाचे चित्र, खाली तंबूसारखी खोली, खोलीपुढे निळ्या पाण्याचा हौद. साउथ आफ्रिकेतल्या सफारी लॉजमध्ये हेल्पर पाहिजेत, राहणे-जेवणे फुकट, पगार रँडमध्ये, असा मजकूर. त्याखाली पेनाने लिहिले होते : तीन लाख, दोन हप्त्यांत.

आक्काचा धाकटा मुलगा तीन वर्षांपासून चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याच्या जंगलालगत एका रिसॉर्टवर काम करतो. हा कागद त्याला तिथेच कोणा एजंटाने दिलेला.

"पैशाचं काय करणार?" मी विचारले.

दाजी खाली बघत म्हणाले, "मुकादम उचल द्यायला तयार हाय. मी अन् ही, दोघं जातो. दोन पट्टे पडले की फिटंल."

मी आक्काकडे पाहिले. तिने कोयता खाली ठेवला त्याला सहा वर्षे झाली. कंबर धरून चालते. थोरल्या मुलीचे लग्न झाले, पोरगा कामाला लागला, म्हणून सुटली. आता लेकाला आफ्रिकेला पाठवण्यासाठी ती पुन्हा पाचाटात उतरायला निघाली होती.

मी म्हणाले, "आठ दिवस थांबा. मुकादमाकडून एक रुपया घेऊ नका. आपण आधी पोराला भेटून येऊ."

तो आठवडा आणि त्या आठवड्यात जे पाहिले-वाचले, ते आज सांगते. आपल्या अनेक घरांतली मुले आता हॉटेल, रिसॉर्ट, जहाज, परदेश या वाटेने निघाली आहेत. त्यांच्या आईबापांना उपयोग होईल.

आम्ही दोघी बहिणी गाड्या बदलत चंद्रपूरला पोहोचलो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली त्या भूमीवर डोके टेकवले आणि मोहर्लीच्या रस्त्याला लागलो. पावसाळ्याचे तीन महिने ताडोब्याचे आतले जंगल पर्यटकांना बंद असते, फक्त भोवतीच्या बफर भागात गाड्या फिरतात. त्यामुळे रिसॉर्ट अर्धे रिकामे होते आणि भाच्याला सवड होती.

त्याने आम्हाला एक रिकामी खोली दाखवली. पलंग एवढा की आमचे सगळे घर झोपेल. न्हाणीघराची एक भिंत काचेची, अंघोळ करता करता जंगल दिसावे म्हणून. आक्का बराच वेळ त्या काचेपुढे उभी राहिली. मग विचारले, "एका रात्रीचं किती?"

"सीझनला वीस हजार."

आक्का शाळेत गेलेली नाही, पण हिशोबाला पक्की. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला, हे तिला पाठ आहे. ती बोटे मोडत म्हणाली, "म्हंजी पंचावन टन. नवरा-बायकोनं रोज दोन टन तोडला तरी महिना जवळ आला. अन् हे एका रात्रीत झोपून उठतेत."

मग तो आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. पत्र्याची लांबलचक खोली, सहा पोरांच्या सहा खाटा, दोरीवर वाळत घातलेले गणवेष. पगार चौदा हजार. भाचा हसत म्हणाला, "मावशी, पुढं पाहुण्याचं जंगल, मागं आमचं."

मी त्याला विचारले, "इथं काय काम करतोस?"

"पाहुणे जंगलातून आले की गरम टॉवेल द्यायचा, सरबत द्यायचं, खोल्या आवरायच्या."

"आणि आफ्रिकेत काय करणार?"

तो थोडा थांबला. "टॉवेलच देणार. पण तिथला पगार मोठा हाय."

संध्याकाळी मोहर्लीतल्या एक गाईड बाई भेटल्या. इथे स्त्रियाही गाईडचे काम करतात. अंगावर गणवेष, गळ्यात दुर्बीण. त्या जंगलाकाठच्या गावातच लहानाच्या मोठ्या झालेल्या. वानर कसे ओरडले म्हणजे वाघ जवळ आहे, चितळ कान टवकारून कोणत्या दिशेला बघते, हे त्यांना लहानपणापासून माहीत. वनखात्याने प्रशिक्षण दिले, नाव नोंदवले. गाडीमागे गाईडची फी ठरलेली असते. त्या म्हणाल्या, "रिसॉर्टवाले बाहेरचे आहेत, येतात-जातात. पण गाईड गावचाच लागतो."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसले.

आपल्या देशात जंगल आणि जंगलातली जनावरे सरकारची. कोणीही कितीही श्रीमंत असो, वाघ त्याच्या मालकीचा होत नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. रिसॉर्ट असतात ते बाहेरच्या खासगी जमिनीवर. वाघांच्या राखीव जंगलात पर्यटकांची गर्दी फार झाली म्हणून २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काही महिने गाभ्यातले पर्यटन बंदच केले होते, मग नियम घालून सुरू केले.

आणि आतली गावे? बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे वाघासाठी उठून बाहेर आली. अशा पुनर्वसनासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपयांची रक्कम २००८ पासून ठरलेली होती, २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. म्हणजे जंगल सरकारकडे, रिसॉर्ट मालकाकडे आणि उठलेल्या माणसाकडे एकदाच मिळालेले पैसे. पैसे खर्च होतात. जंगल दर वर्षी पाहुणे आणते.

आता आफ्रिकेचे. मी तिथे गेलेले नाही. पण घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढले, कारण आक्काच्या कंबरेचा प्रश्न होता.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नावाचे प्रचंड मोठे सरकारी अभयारण्य आहे. १८९८ साली त्याच्या एका भागाला संरक्षण मिळाले, १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या पश्चिम अंगाला साबी सँड नावाचे खासगी राखीव जंगल आहे, म्हणजे अनेक मालकांच्या जमिनी एकत्र केलेले. १९९३ साली या दोघांमधले कुंपण काढून टाकले. तेव्हापासून सिंह, हत्ती, गेंडे, बिबटे सरकारी जंगलातून खासगी जंगलात आणि परत, मोकळे हिंडतात. त्या देशात १९९१ चा एक कायदा असा आहे की नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरची जनावरे जमीनमालकाच्या मालकीची राहतात. आपल्याकडे आणि तिकडे हा मोठा फरक.

या खासगी जंगलात जी लॉज आहेत, तिथे एका माणसाच्या एका रात्रीला लाख रुपयांच्या वर मोजावे लागतात, अशी कितीतरी आहेत. त्यात काय मिळते? पहाटे पाचच्या सुमाराला दारावर टकटक होते. कॉफी पिऊन पाहुणे उघड्या गाडीत बसतात. गाडी चालवणाऱ्याला रेंजर म्हणतात. गाडीच्या अगदी पुढे, बॉनेटवर बसवलेल्या एका खुर्चीत दुसरा माणूस बसतो. त्याला ट्रॅकर म्हणतात, म्हणजे माग काढणारा. मातीवरचा ठसा, मोडलेली गवताची काडी, पक्ष्याचा ओरडा यांवरून तो सांगतो की बिबट्या कुठे गेला. सरकारी जंगलात गाडी रस्त्यावरच ठेवावी लागते, इथे झुडपात घालता येते. एका जनावरापाशी दोन-तीनपेक्षा जास्त गाड्या थांबू देत नाहीत. तीन तासांनी परत, मग न्याहारी, विश्रांती, दुपारचा चहा, पुन्हा संध्याकाळी फेरी. अंधार पडला की दिव्याच्या झोतात जनावरे पाहायची. रात्री बोरूच्या कुडाच्या गोल अंगणात शेकोटीभोवती जेवण. कुंपण नसते, म्हणून जेवणानंतर खोलीपर्यंत पोचवायला माणूस बरोबर येतो. अशा लॉजवर पाहुण्यांपेक्षा काम करणारेच जास्त असतात.

मी हे सगळे आक्काला सांगत होते. ती ऐकता ऐकता म्हणाली, "म्हंजी बिबट्या बघायचे लाख रुपये? आईनं तर फुकटात बघितला."

खरेच आहे. आमचे आईवडील ऊसतोडीला संगमनेर-जुन्नरच्या भागात जायचे. उसाच्या फडात बिबट्याची मादी पिले घालते. पहाटेच्या अंधारात कोयता चालवताना आईच्या समोर पाचाटात दोन पिले निघाली. सगळी टोळी कोपीकडे पळाली. त्या रात्री आई कोपीच्या दाराशी चूल पेटती ठेवून, आम्हा दोघींना पोटाशी धरून बसून राहिली. बोरूचा कूड नव्हता, सोबत चालणारा माणूस नव्हता. आष्टी तालुक्यात २०२० च्या नोव्हेंबरात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा आपल्या जिल्ह्याने पुन्हा तसेच दिवस काढले. १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात तो बिबट्या गोळीला बळी पडेपर्यंत बायका रानात जायला धजत नव्हत्या.

जनावर तेच असते. कोणी त्याला पैसे देऊन पाहतो, कोणी जीव मुठीत धरून. मग त्या पैशातले काही जीव मुठीत धरणाऱ्याकडे येते की नाही, हे विचारायला नको का?

दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसांनी हे विचारले. ती हकिगत आपल्या घराघरात सांगण्यासारखी आहे.

१९१३ साली त्या देशात गोऱ्यांच्या सरकारने जमिनीचा कायदा केला. काळे लोक संख्येने कितीतरी जास्त, पण त्यांना देशातली फक्त सात टक्के जमीन. १९३६ साली ती तेरा टक्क्यांच्या आसपास नेली. बाकी जमिनीवर काळ्या माणसाने मालक म्हणून उभे राहायचे नाही, नोकर म्हणून राहायचे. अभयारण्ये वाढवतानाही अशीच गावे उठवली. क्रूगरच्या उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुव्हुव्हू या नद्यांच्या मधल्या पाफुरी भागात मकुलेके नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९६९ साली सरकारने बंदुकीच्या धाकाने त्यांना हाकलले. सुमारे तीन हजार माणसे. त्यांना स्वतःच्या हातांनी स्वतःची घरे पेटवायला लावली आणि दूर दक्षिणेला नेऊन टाकले. गाव होते तिथे हत्ती फिरू लागले.

१९९४ साली वर्णद्वेषी राजवट गेली आणि त्याच वर्षी कायदा झाला की १९१३ नंतर वर्णद्वेषी कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली त्यांनी दावा लावावा. मकुलेके लोकांनी दावा लावला. १९९८ साली सुमारे चोवीस हजार हेक्टर जंगल त्यांच्या नावावर परत आले.

पुढे त्यांनी काय केले? परत जाऊन घरे बांधता आली असती, झाडे तोडून शेती करता आली असती. त्यांनी बसून विचार केला आणि ठरवले की जंगल जंगलच राहू द्यायचे, पण मालक आम्ही. सरकारशी पन्नास वर्षांचा करार केला : जनावरांची निगा क्रूगरचे लोक आमच्याबरोबर राखतील, इथे लॉज काढायचे की नाही, कोणाला परवानगी द्यायची, हे आम्ही ठरवू. लॉज काढणाऱ्या कंपन्यांना त्यांनी जमीन विकली नाही. भाड्याने दिली, धंद्यात हिस्सा ठरवला, आपल्या पोरांना काम आणि शिक्षण दिले पाहिजे असे लिहून घेतले. आलेल्या पैशातून गावात शाळेच्या खोल्या आणि विजेची कामे झाली.

साबी सँडमधले मालामाला नावाचे नामांकित जंगलही असेच २०१३ साली सरकारने सुमारे एक अब्ज रँड मोजून विकत घेतले आणि तिथल्या मूळ लोकांच्या संस्थेला परत दिले. सगळे काही गोड झाले असेही नाही. पैशाच्या वाटणीवरून त्या संस्थेच्या सभासदांतच पुढे तक्रारी झाल्या. आपल्या सोसायट्यांत, पतपेढ्यांत काय होते ते आपण पाहतोच. शिवाय पाहुणे आले नाहीत तर हिस्सा कुठला? २०२० च्या करोनात जगभरची लॉज बंद पडली तेव्हा अशा गावांची आवक थांबली. पण आवक थांबली तरी सातबारा आपला होता.

सातबारा म्हणताच आक्का सरळ बसली. तिच्याकडे दोन एकर गायरान आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन १९५९ आणि १९६४ साली तुरुंग भरले, ते जमिनीच्या कागदासाठीच. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. दाजींच्या वडिलांचे नाव त्यातून लागले. माळरान आहे, बाजरी-मटकीपलीकडे पिकत नाही. पण तो कागद आक्का ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवते. मकुलेके कोण हे तिला आठवडाभरापूर्वी माहीत नव्हते, पण त्यांनी काय मिळवले हे तिला एका शब्दात कळले.

दुसरी गोष्ट ट्रॅकरची. गाडीच्या पुढच्या खुर्चीत बसणारा हा माणूस बहुतेक वेळा त्याच भागातल्या शांगान लोकांपैकी असतो. सगळी सफारी त्याच्या डोळ्यांवर चालते. तरी वर्षानुवर्षे मान मिळायचा गाडी चालवून गोष्टी सांगणाऱ्याला, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र आणि इंग्रजी. ट्रॅकरकडे फक्त विद्या, आणि ती बापाकडून आलेली. २०१० साली तिथे ट्रॅकर अकॅडमी सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांत रेनियस म्हलोंगो हा स्वतः जंगलात वाढलेला शांगान ट्रॅकर होता. आता खेड्यातली पोरे तिथे माग काढायला शिकतात, परीक्षा देतात, कागद घेऊन नोकरीला जातात. विद्या तीच, पण कागद हातात आल्यावर नोकरीत बोलता येते.

आपल्याकडे अशी विद्या नाही का? आष्टी-पाटोद्याच्या रानात पारध्याचे पोर तित्तिराचा आवाज काढते तेव्हा तित्तिर उत्तर देतो. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण आता पर्यटकांना पायी फिरवून हीच विद्या दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, 'पक्षिकोश'कार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांनीही जंगलातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांपुढे बसूनच कितीतरी शिकून घेतले.

आता त्या तीन लाखांचे काय झाले ते सांगते.

भाच्याला फोन लावून मी तीन प्रश्न विचारले. पहिला : दक्षिण आफ्रिकेत दर तीन माणसांत जवळपास एकाला काम नाही. बाहेरच्या माणसाला कामाचा परवाना देताना, ते काम करणारा स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवावे लागते. मग खोल्या आवरायला आणि टॉवेल द्यायला ते बीडचा माणूस का नेतील? लॉजच्या दाराशी काम मागत उभी असलेली शेजारच्या गावची पोरे कमी आहेत का? दुसरा : परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. या माणसाचा नोंदणी क्रमांक काय? नोंदणी असलेल्या एजंटालाही तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढीच फी घेता येते. हा तीन लाख कशाचे मागतो? तिसरा : व्हिसा कामाचा आहे की फिरायला जाण्याचा? फिरायच्या व्हिसावर काम करणारा पकडला गेला तर त्याला परत पाठवतात, आणि उचल मात्र इथे फेडावी लागते.

भाच्याने एजंटाला नोंदणी क्रमांक विचारला. दोन दिवस "देतो, देतो" झाले. तिसऱ्या दिवशी फोन लागेना, तो आजतागायत लागला नाही.

आक्काने मुकादमाला निरोप पाठवला की या साली कोयता नाही. दाजी गप्प होते, पण त्या रात्री त्यांनी पोटभर भाकरी खाल्ली असे आक्का सांगते.

पोरगा खट्टू झाला, हे लपवत नाही. त्याला मी म्हणाले, बाबा, आफ्रिकेला जाऊ नको असे मी म्हणत नाही. जा. पण टॉवेल देणारा म्हणून आईची कंबर गहाण टाकून जाऊ नको. तिथे रेंजर व्हायला प्रमाणपत्राच्या परीक्षा असतात, बाहेरच्या माणसालाही देता येतात. स्वयंपाकघरात हात बसला तर चांगल्या आचाऱ्याला जगात कुठेही विचारतात. आधी हातात कला घे, कागद घे, मग दार वाजव. आता तो दुपारच्या सुट्टीत रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कांदा चिरण्यापासून शिकतो आहे आणि रात्री इंग्रजी वाचतो. पुढे काय होते बघू.

शेवटची गोष्ट आपल्या दाराशीच आहे. आक्काचे गाव नायगावच्या मयूर अभयारण्याजवळ. बालाघाटच्या डोंगरात पाटोदा तालुक्यातले हे अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. मोर तर आहेतच, लांडगे, तरस, कोल्हे, हरणेही आहेत. आज तिथे ताडोब्यासारखी रिसॉर्टची रांग नाही, आफ्रिकेसारखे लॉज तर नाहीच. पण रस्ते होत आहेत आणि शहरातल्या माणसांना रान बघायची हौस वाढते आहे. एक दिवस कोणीतरी मोटार घेऊन येईल आणि रस्त्याकडेचा माळ एकराच्या भावाने मागेल. माळ पिकत नाही म्हणून लोक देऊनही टाकतील. मग त्याच माळावर काचेच्या भिंतीची खोली उभी राहील आणि आपली सून तिची फरशी पुसेल.

तसे व्हायचे नसेल तर आजपासून काही करता येते. जमीन विकण्याची घाई करू नका. द्यायचीच वेळ आली तर भाड्याने, मुदतीने, लिहून द्या. नियमित झालेले गायरान जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोणी साध्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नका. पोरांना मोराशिवाय आणखी वीस पक्ष्यांची नावे येऊ द्या, कोणता कधी येतो, कुठे घरटे करतो, हे कळू द्या. बचत गटाच्या बायांना भाकरी-पिठल्याचे जेवण घालता येते, पाहुणा आवडीने खातो आणि पैसे देतो. ग्रामसभेत ठराव मांडा की उद्या इथे गाईड ठेवले तर गावचे ठेवावेत, आणि त्यांत पोरीही असाव्यात. मोर शेंगा उकरून खातो ही तक्रार खरी आहे, तीही वनखात्याकडे लेखी करा.

परवा भाचा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही सगळे पहाटे तिकडे गेलो. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. आक्काने हात धरून आम्हाला बसवले आणि कुठून मोर उतरतील ते बोटाने दाखवले. थोड्या वेळात तिथूनच सात मोर एकामागे एक उतरले. रिसॉर्टवर तीन वर्षे काढलेला तिचा पोरगा आईकडे बघतच राहिला. म्हणाला, "आई, हे तुला कसं कळलं?"

आक्का म्हणाली, "जन्म गेला की हितं."

पुढच्या वेळी परदेशी नोकरीच्या करारनाम्यात काय वाचावे यावर लिहिणार आहे. कोणाच्या घरी असा कागद आला असेल तर सही करण्याआधी आम्हाला कळवा.

जयभीम.